अप्पांच्या तोंडात दादा

रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून कवळी रविवारी बसवायची असं डॉक्टर म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. रविवारी घरातली सगळी माणसं घरात सापडतात, आणि डॉक्टरांना साक्षीदार हवे होते.

मुंगी डबी घेऊन जिना चढत होती. डबी साबणाची होती, गुलाबी. लॅबमधल्या चांगल्या डब्या संपल्या होत्या. आत ओल्या कापसावर तिच्या आजोबांची, अप्पांची, नवी कवळी होती, वरची आणि खालची. डबी हलली की आत कोणीतरी थंडीनं कुडकुडतंय असा आवाज यायचा.

जिन्याच्या वळणावर काका उभा होता.

"आजोबा आणलेस?" त्यानं डबीकडे बघून विचारलं.

"दात आणलेत."

"तेच ते. बाकीचे आजोबा उन्हाळाभर नुसतेच बसून आहेत."

काका पाण्याचे पंप विकायचा. घरात दातांशी संबंध नसलेला तो एकटाच. त्यामुळे त्याच्या मताला किंमत नव्हती आणि तो ते देताना कोणी त्याला अडवतही नव्हतं.

"उद्याचं काय ठरवलंयस?"

"मी कशाला ठरवू? बाबांनी ठरवलंय. कवळी बसली तर लॅब. नाही बसली तर उद्या परत कॉलेज. त्यांनी उद्यापर्यंत जागा धरून ठेवलीये."

"आणि अर्धवट बसली तर?"

"तर तुझ्याकडे पंप विकायला येते."

"नको गं बाई. तिथं घरानं ओवाळून टाकलेला एक माणूस आधीच आहे," काका म्हणाला आणि तिच्यासाठी दार उघडून बाजूला झाला.

नापास होऊन कॉलेज सोडलं असतं तर घरानं समजून घेतलं असतं. मुंगीनं पास होऊन सोडलं होतं, तेही वर्गात दुसरी येऊन, आणि हे डॉक्टरांना, म्हणजे तिच्या बाबांना, गिळता येत नव्हतं. अप्पा दातांचे डॉक्टर, त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर, खालच्या मजल्यावर दवाखाना, त्यातली दुसरी खुर्ची मुंगीसाठी आणलेली आणि अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आणि मुंगी एका छापखान्याखालच्या तळघरातल्या दातांच्या लॅबमध्ये स्पिरिटच्या दिव्यापुढे वाकून मेणावर एकेक दात बसवत होती. कुणाचे, ते तिला माहीत नसायचं. चिठ्ठीवर फक्त वय आणि रंग असायचा. माणूस दिसत नाही आणि त्याचं हसू करायचं असतं, हेच तिला आवडलं होतं. हे तिनं एकदा जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "हे असलंच आवडायचं होतं, तर कॉलेजात वर्ष कशाला घालवलंस?" आणि विषय संपला. म्हणजे वाढत गेला.

त्या घरात याआधी एक लॅबवाला होऊन गेला होता. अप्पांचा मोठा भाऊ, दादा. खालच्या मागच्या खोलीत दात करायचा, भांडून गेला, परत आला नाही, तिकडेच वारला. मुंगीला एवढंच माहीत होतं. तिनं त्याला कधी फोटोतही पाहिलं नव्हतं, कारण जुन्या फोटोंमध्ये तो नसायचा. फोटो काढणारा तोच असायचा. त्याच्यानंतर या घरात कोणी थोरल्या भावाला दादा म्हटलं नाही. काकासुद्धा स्वतःच्या सख्ख्या मोठ्या भावाला डॉक्टर म्हणायचा. लोकांना वाटायचं, किती आदर.

*

अप्पा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. दवाखान्याच्या खुर्चीत बसायला त्यांनी नकार दिला होता. "त्या खुर्चीत मी माणसं बसवलीत. मला माहितीये तिथं काय होतं." हे वाक्य ते दातांशिवाय बोलले होते, त्यामुळे ते समजायला घराला थोडा वेळ लागला होता.

त्यांची जुनी कवळी उन्हाळ्याच्या सुरुवातीला बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. तिचं कोणाला फार दुःख नव्हतं. ती इतकी सरळ आणि पांढरी होती की अप्पा बँकेच्या जाहिरातीतल्या माणसासारखे दिसायचे. मुंगीनं ठरवलं होतं, या वेळी अप्पांना त्यांचेच दात द्यायचे. तरुणपणी होते तसे, जिथे वाकडे तिथे वाकडे. तिला कोणी असं सांगितलं नव्हतं. तोंडाचं माप डॉक्टरांनी घेतलं; दातांची ठेवण कशी होती ते तिनं जुन्या साच्यावरून घेतलं. कारण या घरात लोक फोटो कमी काढत आणि प्लास्टरचे साचे जास्त. वयात आलेल्या प्रत्येक माणसाचे वरचे-खालचे दात खालच्या कपाटात बुटांच्या खोक्यांमध्ये ठेवलेले होते, खोक्याच्या झाकणावर ज्याचं त्याचं नाव.

डॉक्टरांनी हात धुतले. रविवार असूनही त्यांनी पांढरा कोट घातला होता. मुंगीची आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. टेबलाशी आत्या सफरचंद कापत होती. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, आता घरातल्या सगळ्यांचीच आत्या. ती वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि भांडण ऐकू आलं की खाली यायची. आज ती आधीच आली होती.

"सफरचंद कशाला?" डॉक्टर म्हणाले. "पहिला आठवडा मऊच खायचं."

"मी माझ्यासाठी कापतेय."

"अख्खी सहा?"

"भूक लागेल असं वाटतंय," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी कवळी डबीतून काढून पाण्याखाली धरली, प्रकाशात फिरवली, कडेवरून अंगठा नेला. कुठे खरखरीत लागतंय का ते ते शोधत होते. लागलं नाही. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली, कारण काम चांगलं होतं. बुधवारी मेणाचा ट्राय त्यांनी स्वतः घेतला होता. पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात, तो. वरचे दात खालच्यांवर कसे टेकतात ते त्यांनी निळा कागद घालून बघितलं, उंची बघितली, दोन्हीकडचं वजन सारखं येतंय का ते बघितलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. तेव्हा अप्पांना आरसा देऊ केला तर अप्पा म्हणाले होते, "आरसा नको, जेवण दे."

"आ करा अप्पा."

वरची बसली. खालची बसली. गालफडं भरून आली आणि अप्पांचं वय एकदम खाली उतरलं.

"टोचतंय?"

अप्पांनी मान हलवली. नाही.

"बोला काहीतरी."

"काय बोलू?" अप्पा म्हणाले. शब्द स्वच्छ आले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांचं बोलणं सगळ्यांना एका फटक्यात समजलं.

"हसा जरा. ओठ कसा उचलतोय बघू."

हुकुमावरून हसणाऱ्यांतले अप्पा नव्हते. ते डॉक्टरांकडे बघत राहिले. काका दाराला टेकून म्हणाला, "अप्पा, जपून हां. आता तुम्ही कोणाला चावलात तर तक्रार करायला डॉक्टर घरचेच आहेत, लॅब घरचीच आहे. बाहेरच्या माणसाला न्यायच नाही."

अप्पा हसले.

सफरचंदावरची सुरी थांबली.

"दादा," आत्या म्हणाली.

ती मोठ्यानं म्हणाली नाही. तो शब्द खोलीत इतक्या वर्षांनी आला होता की कोणाला तो लगेच ओळखता आला नाही.

*

आत्या बघत होती. वरचा एक पुढचा दात शेजारच्यावर अर्धा चढलेला, गर्दीत मागून डोकावणाऱ्या पोरासारखा. डाव्या सुळ्याचं टोक तुटलेलं. ते टोक कसं तुटलं हे तिला माहीत होतं. दादा काम करताना तार दातांत धरायचा. आई ओरडायची, दादा तार न काढता हसायचा, आणि एक दिवस टोक गेलं. त्यानं ते दिवसभर शोधलं. म्हणाला, सापडलं तर चिकटवतो.

अप्पांचे दात असे कधीच नव्हते. अप्पांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. लहानपणी ती त्यांना त्या फटीतून पाणी उडवायला लावायची.

"हे दादाचे दात आहेत," तिनं सुरी खाली ठेवली. "या पोरीनं तुझ्या तोंडात दादा बसवलाय."

मुंगीला आधी वाटलं, आत्याआजी कौतुक करतेय. मग तिनं बाबांचा चेहरा बघितला.

डॉक्टर खाली गेले आणि दोन खोकी घेऊन वर आले. त्यांनी ती टेबलावर सफरचंदांच्या शेजारी ठेवली. एकावर अप्पांचं नाव, एकावर दादाचं. झाकणं काढली. अप्पांच्या खोक्यात तुटका सुळा होता. दादाच्या खोक्यात फट होती.

"रंगकाम," आई दारातून म्हणाली. "मागल्या वर्षी दवाखान्याला रंग दिला तेव्हा सगळी खोकी उघडी करून अंगणात ठेवली होती. रंगाऱ्यानंच झाकणं परत लावली."

"चांगला माणूस," काका म्हणाला. "एकही झाकण उरू दिलं नाही."



"झाकण वाचलंस," डॉक्टर मुंगीला म्हणाले, "साचा वाचला नाहीस."

"हो."

"कुठेच शंका आली नाही?"

"आली होती. सुळा बसवताना. अप्पांचा दात तुटल्याचं कधी ऐकलं नव्हतं."

"मग?"

"तुम्हाला फोन करणार होते."

"केला नाहीस."

"नाही."

"का?"

तुम्ही म्हणाला असतात, जमत नाही का, हे तिच्या तोंडाशी आलं होतं. बोलून उपयोग नव्हता. ते खरं असतं तरी चूक तिचीच होती. डॉक्टरांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली, म्हणजे तपासणी संपली.

"झालं तर मग," आई म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "उद्या सकाळी मी येते तुझ्याबरोबर कॉलेजला. चूक काय कोणाकडूनही होते. पण तळघरात बसून झाली तर तीच तुझी ओळख होते. तिथं तुला माणूस म्हणून कोणी बघत नाही, नुसती चूक बघतात. मला हे नकोय तुझ्यासाठी. एवढंच."

"थांब गं," आत्या म्हणाली. तिनं डॉक्टरांकडे बघितलं. "मेणाचा ट्राय कोणी घेतला?"

डॉक्टरांचा हात तिसऱ्या बटणावर थांबला.

"हे दात बुधवारी याच्या तोंडात होते ना? मेणात? कोणी बघितले?"

"मी चावा बघत होतो, आत्या."

"दादाच्या स्टुलावर बसून मेणाच्या गोळ्या करत कोण मोठं झालं? तू. तो घर सोडून गेला तेव्हा जेवायचा थांबला कोण? तू. दहावीला होतास. त्याचं तोंड तुला ओळखता आलं नाही?"

"मास्क, दिवा, निळा कागद... तेवढंच दिसतं त्या वेळी. तोंड दिसतं." डॉक्टर खुर्चीत बसले. "चेहरा नाही दिसत."

आईनं नवऱ्याकडे बघितलं. इतके महिने ती या प्रकरणात त्यांच्या बाजूला घट्ट उभी होती. आता तिनं एक खुर्ची ओढली आणि ती मुंगीच्या शेजारी ठेवली. फार जवळ नाही. मधे एक माणूस मावेल एवढी.

"म्हणजे तुम्हीही बघितलं नाहीत," ती म्हणाली.

"दोघांनी मिळून मेलेला माणूस घरात आणला," काका हळूच म्हणाला, "आणि दोघांनाही तो दिसला नाही."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की वेताची खुर्ची रिकामी आहे.

*

मोरीतला आरसा लहान होता आणि दाढीपुरताच टांगलेला होता. त्यात चेहऱ्याचा खालचा अर्धाच भाग नीट दिसायचा. अप्पांनी दाराला कडी घातली आणि ओठ उचलला.

दादा.

वरचे डोळे त्यांचे स्वतःचे होते, म्हणून त्यांनी वर बघितलं नाही.

दवाखाना आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीत हातभर रुंदीची खिडकी होती. साचे तिकडे जायचे, दात इकडे यायचे. दुपारी त्या खिडकीतून दादाचं तोंड यायचं, तेवढंच, आणि विचारायचं, "जेवलास?" उत्तराची वाट न बघता परत जायचं. एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा ब्रिज, पडलेल्या दातांच्या जागी घालायचा, बसत नव्हता. दोनदा घासला, तरी बसेना. बाई चिडल्या होत्या. तेव्हा अप्पा म्हणाले, "लॅबवाल्याची चूक आहे." जरा मोठ्यानं म्हणाले. खिडकी उघडी होती.

माप त्यांनीच चुकीचं घेतलं होतं. घाईत, मसाला पुरता घट्ट होण्याआधीच तोंडातून ओढलं होतं. हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. आणि प्लास्टर ओतलं तेव्हा दादालाही दिसलं असणार. असली गोष्ट त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तरी त्यानं त्याच वाकड्या मापावर ब्रिज केला, सुंदर केला, आणि खिडकीतून पुढे सरकवला. संध्याकाळी त्यानं दिवा विझवला, कोरण्या टॉवेलात गुंडाळल्या आणि म्हणाला, "तू दिलंस तसं मी केलं." अप्पा म्हणाले, "मग नको करूस." दोघांपैकी एकानंही याहून जास्त काही म्हटलं नाही. दोघांनाही वाटलं, दुसरा बोलेल.

तो वारल्याची बातमी आली त्या दिवशी अप्पांनी पेशंट तपासले. लोकांना वेळा दिलेल्या होत्या.

आरशातल्या तोंडाकडे ते बराच वेळ बघत राहिले. त्याला इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं. सुळा तसाच, चढलेला दात तसाच. नातीनं एक उणंही सोडलं नव्हतं.

"जेवलास?" ते तोंड म्हणालं.

"नाही," अप्पा म्हणाले. हेही तेच तोंड म्हणालं.

*

ते बाहेर आले तेव्हा सगळे टेबलाभोवती बसले होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सफरचंदाच्या फोडी तांबूस व्हायला लागल्या होत्या. अप्पा बसले. त्यांनी एक फोड उचलली.

"अप्पा, आठवडाभर—" डॉक्टर म्हणाले.

अप्पांनी चावा घेतला. कुरुम असा आवाज झाला. उजव्या बाजूला चावलं, मग डाव्या बाजूला नेलं, सावकाश. घरात पाच माणसं एका माणसाचं चावणं ऐकत होती. त्यांनी घास गिळला.

"तू काय ठरवलं होतंस?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "कवळी बसली तर लॅब. असंच ना?"

"हो, पण—"

"बसली."

"अप्पा, ते दात तुमचे नाहीत."

"या वयात कोणाचे असतात?"

काकानं तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. अप्पा मात्र हसत नव्हते. त्यांनी मुंगीला जवळ बोलावलं आणि ती आली तसा तिचा हात मनगटाशी धरला, मूल पळून जाऊ नये म्हणून धरतात तसा.

"सुळा बसवताना शंका आली."

"हो, अप्पा."

"फोन उचललास?"

"उचलला. नंबरही लावला अर्धा. मग ठेवला."

"मग सुळा छान बसवलास."

"हो," मुंगी म्हणाली, आणि आता तिला रडू यायला लागलं. "खूप छान बसला होता. म्हणून मग वाटलं, बरोबरच असणार."

"अगदी त्याच्यासारखं." अप्पांनी हात सोडला नाही. "खिडकीतून एक हाक मारायची होती त्यानं. माप वाकडं आहे रे. बस, एवढंच. नाही मारली. चूक माझी होती, आणि ती मला कळलेली होती. कबूल करायला मलाही तीच खिडकी होती. मीही तोंड घातलं नाही तिच्यात." ते थांबले. कवळीची सवय नव्हती, इतकं बोलून जबडा दमला होता. "मी तुला कॉलेजला परत पाठवलं, तर आपण पुन्हा तेच केलं. चूक झाली की लॅबवाल्याला घराबाहेर काढा."

आई काहीतरी म्हणणार होती. तिनं ते बोलण्याऐवजी मुंगीशेजारी ठेवलेली आपली खुर्ची आणखी जवळ घेतली.

"बरोबर साचा घे आणि माझे दात कर," अप्पा म्हणाले. "फटीसकट. आणि शंका आली की फोन कर. बाप काय म्हणेल याचा विचार करू नकोस." मग त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "आणि तू उचल."

डॉक्टरांनी मान खाली घातली होती. ती तशीच हलली.

"पण त्याला महिना जाईल, अप्पा," मुंगी नाक पुसत म्हणाली. "ही काढून घेऊ? तोवर काय वापरणार?"

आत्यानं ताटली अप्पांकडे सरकवली.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "तोवर दादा जेवेल."

*

सोमवारी दुपारी दवाखान्यात एक गृहस्थ खुर्चीत आ करून पडले होते. कॉलेजचं ऑफिस थोड्या वेळात बंद होणार होतं. डॉक्टरांनी सकाळपासून घड्याळाकडे बघितलं नव्हतं, म्हणजे ते किती वाजले हे त्यांना सतत माहीत होतं. बाहेर टेबलावरचा फोन वाजायला लागला. या वेळी ते कधी फोन घेत नसत. पेशंटांनाही ते माहीत होतं.

डॉक्टरांनी आरसा आणि चिमटा ट्रेमध्ये ठेवला, मास्क गळ्यात ओढला आणि क्षणभर खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं. हे गृहस्थ त्यांच्याकडे अनेक वर्षं येत होते. त्यांच्या भुवया इतक्या जाड आहेत हे डॉक्टरांना आज कळलं.

"एक मिनिट हां," ते म्हणाले. "तोंड मिटलंत तरी चालेल."

त्यांनी एक हातमोजा काढला आणि फोन उचलला.

"बाबा, कामात आहात?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "बोल."